खांदा दुखतो, सुई नडगीत

उत्तरायणाला काकू गच्चीवर आल्याच नाहीत. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात फिरकी धरावी ती त्यांनीच, म्हणून खाली जाऊन पाहिलं, तर डावा हात पोटाशी धरून बसलेल्या. चार महिने झाले, खांदा धरलाय. वेणी घालता येत नाही, फडताळावरचा डबा निघत नाही, रात्री त्या कुशीवर वळल्या की झोप मोडते. "अॅक्युपंक्चरच्या सुया टोचून घेतेय गं, बरं वाटतं. पण दुखतो खांदा आणि सुई टोचतात नडगीत! तिथून म्हणे 'ची' वाहते, अंगातली प्राणशक्ती."

मी त्यांना कोपर कमरेला टेकवून हात दारासारखा बाहेर उघडायला सांगितला. उजवा सहज गेला. डावा जेमतेम चार बोटं. मी हलकेच वळवून पाहिला तरी तिथेच अडला. नुसता स्नायू दुखावला असेल, तर दुसऱ्याने वळवल्यावर हात बराच पुढे जातो. इथे सांध्याभोवतीचं आवरणच सुजून, जाड होऊन आकसलेलं असतं. हाच फ्रोझन शोल्डर. तो बहुधा चाळिशी ते साठीत गाठतो. चीन-जपानात त्याला 'पन्नाशीचा खांदा' असंच नाव आहे. मधुमेहींना तो जास्त होतो, म्हणून आधी साखर तपासावी. एक ते तीन वर्षांत तो बऱ्याच जणांचा आपोआप मोकळा होत जातो, आणि श्रेय मिळतं त्या वेळी चालू असलेल्या उपायाला.

मग सुईने काहीच होत नाही का? होतं, आणि जे होतं ते 'ची'पेक्षा कितीतरी सुंदर आहे.

अॅक्युपंक्चरवाले सुई टोचून थांबत नाहीत, ती बोटांत धरून फिरवतात. अमेरिकेत व्हरमाँट विद्यापीठात हेलेन लँजेव्हिन यांनी २००१च्या सुमारास दाखवलं की त्वचेखालचे कोलॅजनचे धागे त्या सुईभोवती गुंडाळले जातात, फिरकीवर मांजा गुंडाळावा तसे. आजूबाजूच्या पेशी ताणल्या जातात, काहींना इजा होते, आणि त्यांच्यातून एटीपी बाहेर सांडतं. एटीपी म्हणजे पेशीच्या ऊर्जेचं चलन, हे आपण शाळेत शिकलो. पेशीच्या बाहेर मात्र त्याला वेगळाच अर्थ असतो: 'इथे काहीतरी फाटलंय.' बाहेरची विकरं (एन्झाइम्स) त्याचे फॉस्फेट एकेक करून तोडतात. एटीपीचं एडीपी, एडीपीचं एएमपी, आणि शेवटी उरतं अॅडेनोसिन. ते वेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंवरच्या ए-१ ग्राहकांवर, म्हणजे रसायनाचा निरोप घेणाऱ्या रेणूंवर, जाऊन बसतं. तंतूच्या आत निरोप्याचं काम करणारं सायक्लिक एएमपी घटतं आणि तंतू सहजी पेटत नाही.

२०१०मध्ये रोचेस्टर विद्यापीठात मायकेन नेडरगार्ड यांच्या गटाने उंदरांच्या गुडघ्याजवळ सुई टोचून ठरावीक वेळाने फिरवली. जवळच्या ऊतींत अॅडेनोसिन सुमारे २४ पट वाढलं आणि पंजाचं दुखणं कमी झालं. ए-१ ग्राहकच नसलेल्या उंदरांना काहीही फरक पडला नाही. अॅडेनोसिनचा नाश रोखणारं औषध दिलं, तर आराम जास्त वेळ टिकला. इतका नेटका पुरावा या विषयात क्वचित मिळतो.

यात आपल्या चहाचाही संबंध येतो. कॅफीनचा रेणू याच ग्राहकांवर बसून अॅडेनोसिनची जागा अडवतो. २०१७च्या एका प्रयोगात उंदरांना कॅफीन दिल्यावर सुईने मिळणारा आराम नाहीसा झाला, आणि ते बंद केल्यावर परत आला.

पण काकूंचा प्रश्न उरतोच. नेडरगार्ड यांच्या प्रयोगात दुसऱ्या पायात सुई टोचली, तेव्हा गुण आला नव्हता. म्हणजे अॅडेनोसिनचं काम सुईच्या आसपासच चालतं. नडगीतलं अॅडेनोसिन खांद्यावर पोचत नाही. तिथे मेंदूकडे पाहावं लागतं. १९७७मध्ये डेव्हिड मेयर आणि सहकाऱ्यांनी हातात सुई टोचून दातातली कळ कमी केली, आणि नॅलोक्सोन देताच ती परतली. नॅलोक्सोन अफूसारख्या द्रव्यांचा मार्ग अडवतं. म्हणजे शरीर स्वतःचं अफूसारखं रसायन सोडत असावं.

जर्मनीत ४२४ जणांच्या दुखऱ्या खांद्यांवर १५ बैठकांची चाचणी झाली, तिचे निकाल २०१०मध्ये आले. उपचार संपल्यावर तीन महिन्यांनी वेदना निम्म्याने उतरलेले: खरं अॅक्युपंक्चर घेतलेल्यांत ६५ टक्के, नेहमीच्या उपचारांवर ३७ टक्के, आणि पायांवर अॅक्युपंक्चरचे ठरलेले बिंदू सोडून वरवर टोचलेल्या खोट्या सुयांवर २४ टक्के. आकडे बोलके आहेत, पण टोचणाऱ्या डॉक्टरांना खरं-खोटं ठाऊक होतं, हे धरूनच ते वाचावेत. मला पटतं ते एवढंच: सुई कळ उतरवते. आकसलेलं आवरण ती सोडवते असं यातून निघत नाही, आणि सुयांनी साखर जाते, लकवा बरा होतो असं सांगणाऱ्यांच्या दारात तर जाऊच नये.

खरी भीती मला सुईची नव्हती, काकूंच्या उशाशी असलेल्या डबीची होती. 'चिनी जडीबुटी' एवढंच सांगून दिलेल्या काळ्या गोळ्या, डबीवर एक अक्षर नाही. सांधेदुखीच्या चिनी औषधांत बचनागाच्या कुळातली मुळं वापरतात. त्यातलं अॅकोनिटिन मज्जातंतूंची आणि हृदयाची सोडियमची दारं उघडी धरून ठेवतं. आधी ओठ-जीभ बधिर होते, मग नाडी चुकते. चीनमध्ये मुळं तासन्‌तास उकळून त्याचं विघटन करतात. आपल्याकडे वैद्य वत्सनाभाचं, म्हणजे बचनागाचंच, शोधन (विष कमी करणं) गोमूत्रात किंवा दुधात करतात. त्या गोळ्यांत काय होतं आणि ते किती उकळलं होतं, हे डबीवरून कळायला मार्गच नव्हता. मी ती तिथून उचलली, काकूंनी अडवलं नाही.

साखर जास्तच निघाली. त्यावर औषध सुरू झालं, खांद्यासाठी फिजिओथेरपी. सुया काकूंनी सोडल्या नाहीत. त्या दिवशी टोचून घेतल्यावर कळ कमी असते, तेव्हा व्यायाम नीट होतो म्हणतात. स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्या बोटांनी चढत जातात आणि पोचतील तिथे पेन्सिलीने रेघ मारतात. पहिली रेघ ओट्याच्या कडेच्या जरा वर होती. कालची मिसळणाच्या डब्याच्या फळीला टेकलीय.