मॅककँडलेसला रोप ओळखता आलं नाही, हे खरं नाही

‘शहरी पोरगा, विषारी रोप रानबटाटा समजून खाल्लं आणि गेला.’ अलास्काच्या जंगलात एकटाच राहायला गेलेल्या आणि १९९२ साली तिथेच वारलेल्या २४ वर्षांच्या अमेरिकन ख्रिस मॅककँडलेसबद्दल हे अजूनही सांगितलं जातं.

शवविच्छेदनात मात्र कारण निघालं उपासमार. वजन जेमतेम ३० किलो उरलं होतं. ज्या रोपावर खापर फोडलं गेलं, तो रानवाटाणा अलास्का विद्यापीठाने तपासला. त्यात विष सापडलंच नाही. रानबटाट्याच्या बियांमध्ये अपायकारक घटक असल्याचं पुढे दिसलं आणि मॅककँडलेसने स्वतः डायरीत अशक्तपणाचा दोष या बियांनाच दिला होता. म्हणजे खाल्लं ते ओळखूनच. पण या बियांचा वाटा किती, यावर आजही वाद आहे.

खरी चूक वेगळीच होती. एप्रिलमध्ये साडेचार किलो तांदूळ आणि एक हलकी रायफल घेऊन तो जंगलात शिरला. जूनमध्ये मूस (मोठं हरीण) मारला, पण धुरी देऊनही मांसात अळ्या पडल्या. जुलैत परत निघाला, तर बर्फ वितळून वाटेतली टेकलानिका नदी फुगलेली, म्हणून मागे फिरला. नदी ओलांडायला तारेवरचा, हाताने ओढायचा पाळणा तिथून किलोमीटरभरही दूर नव्हता. तपशीलवार नकाशा जवळ असता तर तो दिसला असता. तो त्याने घेतलाच नव्हता, आणि ही बेफिकिरी माफ करणं मला तरी जड जातं.