अनभिरती
अनभिरती (पाली : अनभिरति). प्रव्रज्या (संन्यासदीक्षा) घेतलेल्या भिक्खूचे मन ब्रह्मचर्यात न रमणे आणि घर, पत्नी किंवा पूर्वीचा व्यवसाय यांच्या ओढीने त्याला विहारातले जीवन नकोसे होणे, या अवस्थेची बौद्ध संज्ञा. मनात वासना उठणे हा विनयपिटकानुसार (भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथानुसार) अपराध नव्हे. भिक्खू असताना मैथुन करणे हा मात्र पाराजिक, म्हणजे संघातून कायमचे बाद करणारा दोष होय. वैशालीजवळच्या कलंद गावचा सुदिन्न आईच्या आग्रहाखातर, वंशाला वारस हवा म्हणून, पूर्वीच्या पत्नीजवळ गेला आणि त्या प्रसंगावरून हा नियम झाला. पुढे वज्जी देशातील काही भिक्खूंच्या प्रकरणानंतर त्यात ‘शिक्षा (म्हणजे भिक्खूचे आचारनियम) न त्यागता, आपले दौर्बल्य उघड न करता’ ही महत्त्वाची पुस्ती जोडली गेली. ज्याला राहवत नाही त्याने भानावर असताना, अर्थ समजणाऱ्या एका माणसापुढे, शिक्षा सोडल्याचे स्पष्ट सांगितले की पुरे. त्यासाठी संघाची सभा लागत नाही. अशा माणसाला संघात परतीची वाट मोकळी राहते, पाराजिक घडलेल्याला राहत नाही.

पाली वाङ्मय ही घालमेल झाकत नाही. नवदीक्षित वंगीस आळवीच्या अग्गाळव चैत्यात विहार राखायला मागे राहिला असता नटूनथटून विहार पाहायला आलेल्या स्त्रियांमुळे त्याचे चित्त विचलित झाले. दुसऱ्या एका प्रसंगी, श्रावस्तीत भिक्षेला जाताना, आपण कामरागाने जळत असल्याचे त्याने बुद्धांचा शिष्य आनंद याला सरळ सांगून उपाय विचारला. बुद्धांचा सावत्र भाऊ नंद याला, अर्धवट विंचरलेल्या केसांनी वळून ‘लवकर या’ म्हणणारी जनपदकल्याणी (देशातील सर्वांत सुंदर मानलेली स्त्री) विसरता येईना. बुद्धांच्या आश्वासनावरून अप्सरा मिळतील या आशेने तो साधनेला लागला, तेव्हा सोबती त्याला ‘मजुरीवरचा’ म्हणू लागले आणि ती लाज त्याच्या कामी आली. अश्वघोषाच्या ‘सौन्दरनन्द’ या अठरा सर्गांच्या काव्याचा विषय हाच असून, अजिंठ्याच्या लेणे क्र. १६ मधील ‘मरणोन्मुख राजकन्या’ ही नंदाची पत्नी मानली जाते.

ओढ नेहमी स्त्रीचीच असते असे नाही. कुद्दालजातकातील माळी एका बोथट कुदळीच्या आणि मूठभर बियाण्याच्या मोहाने सहा वेळा संन्यास सोडून घरी येतो. सातव्या वेळी, कुठे पडली हे दिसले तर पुन्हा काढायला येऊ, या भीतीने डोळे मिटून ती कुदळ नदीत भिरकावतो. चित्तहत्थ या भिक्खूच्या वारंवार चीवर (भिक्खूचे वस्त्र) उतरवण्यासंदर्भात ही कथा येते.

आज देशपरत्वे दृष्टी वेगळी आहे. थायलंडमध्ये वर्षावासापुरते (पावसाळ्याच्या तीन महिन्यांपुरते) भिक्खू होऊन गृहस्थजीवनात परतणे सर्रास चालते, तर श्रीलंकेत चीवर सोडणे कमीपणाचे समजले जाते. जपानमध्ये १८७२ साली मेइजी शासनाने भिक्षूंच्या विवाहावरील सरकारी बंदी उठवल्यावर तेथे विवाहित पुरोहित ही सामान्य गोष्ट झाली.