पार्श्वभूमी : माळवदाचा गारवा आणि लॉरी बेकर

मे महिन्यात सोलापुरात पारा ४२-४३ वर जातो. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्र उलटली तरी खोलीत ऊब सोडत राहतो. नवं घर बांधताना गारव्याची चौकशी आधी होते ती त्यामुळेच. मग निसर्गाशी जुळवून घेणाऱ्या घरांचा विषय निघतो आणि लॉरी बेकर यांचं नाव येतं.

बेकर १९१७ साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला जन्मले आणि आर्किटेक्चर तिथेच शिकले. दुसऱ्या महायुद्धात चीनमध्ये रुग्णसेवा करून परतताना जहाजाची वाट पाहत ते मुंबईत थांबले, तेव्हा त्यांची गांधीजींशी भेट झाली. घराला लागणारं सामान पाच मैलांच्या आत मिळालं पाहिजे, हे गांधीजींचं म्हणणं ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले. भारतात परत आले ते कुष्ठरुग्णांसाठी इमारती बांधायला. पुढे हिमालयातल्या पिथौरागडला राहिले आणि डोंगरातल्या गवंड्यांकडून दगडमातीचं काम नव्याने शिकले. शिकलेल्या आर्किटेक्टने गवंड्यापुढे विद्यार्थी होऊन बसावं, हे मला त्यांच्या सगळ्या इमारतींपेक्षा मोठं वाटतं. १९६३ नंतर ते केरळात गेले. विटा उभ्या रचून मधे पोकळी ठेवणारी रॅट-ट्रॅप भिंत त्यांनी तिथे रुळवली. तिला विटा साधारण पाव हिश्श्याने कमी लागतात आणि पोकळीमुळे ऊनही उशिरा आत येतं. स्लॅबच्या खालच्या भागात भार घ्यायला काँक्रीटचा उपयोग नसतो, तिथे ते जुनी कौलं भरत. १९९० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २००७ मध्ये ते गेले.

हे वाचताना मला अक्कलकोट तालुक्यातलं आजीचं माळवद, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर, आठवतं. दोन हात रुंद भिंती, लाकडी तुळया, त्यावर फळ्या, पाला आणि वर पांढऱ्या मातीचा थर. छताला सवणं, म्हणजे उजेडासाठी ठेवलेलं भोक, होतं. त्यातून पडलेला उन्हाचा कवडसा उतरंडीपाशी आला की आजी चूल पेटवायची. पावसाचा थेंब आला की आम्ही पोरं सवण्यावर परात झाकायला पळायचो. सामान सगळं गावशिवारातलंच.

मग माळवदं का गेली? लाकूड महागलं, दरवर्षी माती टाकायला माणसं मिळेनात. पण खरा घाव ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने घातला. गोल दगड मातीत रचलेले, भिंतीच्या आतल्या-बाहेरच्या थरांना बांधणारे आरपार दगड नाहीत, आणि वर वर्षानुवर्षं साचत गेलेलं मातीचं ओझं. झोपेतली हजारो माणसं त्याखाली गाडली गेली. तेव्हापासून आपल्याकडे मातीच्या छताची जी धास्ती बसली, ती खोटी नाही. जुनं माळवद जसंच्या तसं परत आणा, असं मी कुणालाही सांगणार नाही.

बेकरांची नक्कलही इथे चालणार नाही. केरळात हवा दमट, म्हणून त्यांच्या भिंतींना वारा खेळवणाऱ्या विटांच्या जाळ्या. सोलापुरात दुपारी तशा जाळीतून झळा आणि धूळ आत येईल. इथे दिवसा खिडक्या मिटायच्या, रात्री सताड उघडायच्या. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, म्हणून पाया मुरमापर्यंत न्यायचा. पश्चिमेची भिंत जाड ठेवायची आणि तिच्यावर कडुलिंबाची सावली पडेल असं बघायचं. प्लॉटवर आधीच लिंब उभा असेल, तर घराचा नकाशा त्याला वळसा घालून काढायचा.