त्रापो की एपाल?

बंदरात जहाज लागलं की मेसमधल्या टीव्हीला जीव येतो. एकदा फिलिपिनो बातम्या चालू होत्या, कुणी पुढारी तावातावाने बोलत होता. आमचा मेसमन इलोइलोचा, टेबल पुसत होता. त्याने हातातलं ओलं फडकं वर धरलं, पडद्याकडे बोट केलं आणि म्हणाला, "सेम सेम, सर." बोसनला, म्हणजे खलाशांच्या मुकादमाला, हसता हसता ठसका लागला. मग बोसननेच समजावलं: फडक्याला त्रापो म्हणतात, आणि असल्या माणसालाही त्रापोच.

शब्द आवडला. दोन दिवसांनी कॅप्टनच्या वाढदिवसाचा फोटो निघत होता. एक कॅडेट सगळ्यांना कोपर मारत बरोब्बर केकच्या मागे येऊन उभा राहिला. मी ऐटीत ओरडलो, "त्रापो!" सगळे हसले, पण मला. "नो सर, ही इज एपाल."

म्हणजे दोन शिव्या आहेत, आणि मी त्यांची सरमिसळ केली होती.

त्रापो हा मूळचा स्पॅनिश शब्द, अर्थ फडकं किंवा पोतेरं. तिकडचे लोक इंग्रजीतल्या 'ट्रॅडिशनल पॉलिटिशियन'चंही लघुरूप करतात, तेही त्रापोच होतं. शब्दांचा असा सांधा जमवण्यात फिलिपिनो माणसाचा हात कुणी धरणार नाही. १९८६ साली हुकूमशहा मार्कोस पळाले, लोकशाही परत आली आणि तिच्या मागोमाग जुनी घराणीही आपापल्या खुर्च्यांवर परत आली. तेव्हापासून या शब्दाला भरपूर काम आहे. त्रापो म्हणजे वतनदारी थाटाचा पुढारी. बाप गव्हर्नर, मुलगा मेयर, सून काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत. लग्नाला आहेर, मयताला पाकीट, नातवाला चिकटवलेली नोकरी. त्या बदल्यात पिढ्यान् पिढ्यांची मतं. यातला गंमतीचा भाग असा की १९८७ च्या राज्यघटनेतच लिहिलंय, राजकीय घराणेशाहीला सरकार बंदी घालेल, मात्र घराणेशाही म्हणजे काय ते कायद्याने ठरवावं. आता ते ठरवायचं कुणी? काँग्रेसने. आणि काँग्रेसमध्ये बसलंय कोण? पुढची पस्तीस वर्षं तो कायदा झालाच नाही. अपवाद एकच. २०१६ च्या जानेवारीत सह्या होऊन आलेल्या युवक मंडळांच्या कायद्यात, निवडून आलेल्या पुढाऱ्याच्या जवळच्या नातेवाइकाला उभं राहायला मनाई आहे. म्हणजे पोरांना बंदी, बापांना मोकळं रान.

एपालची जात वेगळी. पापेल म्हणजे कागद, आणि नाटकातली भूमिकाही. ज्याला प्रत्येक ठिकाणी आपली भूमिका हवी तो 'मापापेल'. रस्त्यावरच्या बोलीत शब्द उलटेपालटे करायची तिकडे जुनी खोड आहे, त्यात त्याचा एपाल झाला. आपल्याकडे याला शोधायला लांब जायला नको: चमको. पुढे पुढे करणारा, न बोलावता मधे येणारा. एपाल व्हायला निवडणूक जिंकावी लागत नाही. कॅडेटही एपाल, लग्नात नवरीपेक्षा जास्त फोटोंत दिसणारी आतेबहीणही एपाल.

गल्लत होते ती राजकारणात, कारण तिथे बहुतेक वेळा माणूस एकच असतो. मी ओळखायला एक साधी खूण धरलीय. त्रापोचं खरं काम बंद दाराआड चालतं, ते दिसू नये अशीच त्याची इच्छा असते. एपालचं सगळं दिसण्यासाठीच. पुराच्या मदतीचं कंत्राट मेव्हण्याला दिलं तर तो त्रापो. त्याच तांदळाच्या पिशवीवर स्वतःचा हसरा चेहरा छापला तर एपाल. सकाळी एक, संध्याकाळी दुसरा.

शिवाय त्रापोपणा सिद्ध करायला कागद लागतात. एपालला मात्र डोळे पुरतात. बास्केटबॉल कोर्टाच्या छपरावर आद्याक्षरं, बसथांब्याच्या शेडवर नाव, ॲम्ब्युलन्सच्या दारावर फोटो, दहावी-बारावीच्या मुलांचं अभिनंदन करणारं टार्पोलिन, म्हणजे आपला फ्लेक्स, ज्यावर मुलं कमी आणि मेयर जास्त. पैसा अर्थातच लोकांच्या कराचा. सेनेटर मिरियम देफेन्सोर सांतियागो यांनी यावर विधेयकच मांडलं होतं: सरकारी कामाच्या फलकावर पुढाऱ्याचं नाव किंवा चेहरा नको. अधिकृत नाव लांबलचक. लोकांनी आणि वर्तमानपत्रांनी त्याला 'अँटी-एपाल बिल' केलं. ते मंजूर झालं नाही, पण बाजारातली शिवी सेनेटच्या चर्चेत जाऊन बसली. २०१२ मध्ये तिथल्या समाजकल्याण खात्याने गरिबांच्या अनुदान योजनेसाठी मोहीम काढली, तिचं घोषवाक्य होतं 'बावाल आंग एपाल दितो'. इथे एपालला मज्जाव. सरकारी खात्याने इतकं सरळ बोलावं, मला तर हेवा वाटला.

तिसरा शब्द बोसनने निघताना दिला: बालिंबिंग. पक्ष बदलणारा. हे एक फळ आहे, पाच धारांचं, कुठूनही पाहा, त्याची एक बाजू तुमच्याकडेच तोंड करून असते. नेटवर फोटो पाहिला तर आमच्या कोकणातलं करमळ! पोर्तुगीजांचं 'कारांबोला' आपल्या करंबळावरूनच गेलं असं कोशकार सांगतात, आणि गार्सिया द ओर्ताने १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात याचं मलायी नाव 'बालिंबा' दिलंय. २०१६ मध्ये दुतेर्ते अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांच्या पक्षाचे काँग्रेसमधले लोक बोटांवर मोजण्याइतके होते. काही आठवड्यांत तिकडे रांग लागली. त्या हंगामात बालिंबिंगचं पीक दणकून आलं असं बोसन म्हणाला.

मेसमनने मग फोनवर घरचा फोटो दाखवला. परसात कोंबड्यांचं खुराडं, वरून पाऊस लागू नये म्हणून मागच्या निवडणुकीचं टार्पोलिन ताणून बांधलेलं. मेयर उलटे, दात दिसतायत, आणि बरोबर कपाळावर एक कोंबडी बसलेली. "गुड क्वालिटी, सर," तो म्हणाला. "तीन वर्षं झाली, अजून गळत नाही."