ऐंशी अंशांची अडचण

हायड्रोजनवर उडणाऱ्या विमानाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: स्फोट झाला तर? १९३७ साली पेटलेले हिंडेनबर्ग लोकांच्या डोक्यातून काही जात नाही. पण त्या हवाई जहाजात हायड्रोजन इंधन म्हणून नव्हताच, तरंगण्यासाठी भरला होता. आज या विषयावर पीएचडी करणारी मंडळी गळती आणि आगीची काळजी घेतातच, पण त्यांची झोप उडवते ती वेगळीच गोष्ट. ती म्हणजे ऐंशी अंशांचे पाणी.

इथे ज्या विमानाबद्दल बोलतो आहोत, त्याची मोटर फ्युएल सेलच्या विजेवर चालते. फ्युएल सेल म्हणजे शाळेतल्या पाण्याच्या विद्युत अपघटनाचा उलटा प्रयोग. तिथे वीज देऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करतो, इथे ते दोन्ही देऊन वीज आणि पाणी घेतो. अपोलो यानांतले अंतराळवीर अशाच सेलमधले पाणी प्यायले. पाण्यावर गाडी चालवणारे संशोधक अधूनमधून प्रकट होतात, त्यांनाही हेच सांगावे लागते: पाणी ही हायड्रोजनची राख आहे, आणि राख काही पुन्हा पेटत नाही.

आता खरी गंमत. हायड्रोजनची सगळी ऊर्जा विजेत उतरली, तर एका सेलने सुमारे १.२५ व्होल्ट द्यायला हवेत. प्रत्यक्षात आरामात चालवला तर ०.७ मिळतात, जोर लावला तर ०.६. मधले व्होल्ट उष्णतेत जातात. म्हणजे ०.७ वर दर १०० किलोवॉट विजेमागे साधारण ७९ किलोवॉट उष्णता आणि ०.६ वर १०८. सेलला जितके पिळाल, तितकी तो त्याच हायड्रोजनमागे वीज कमी आणि ऊब जास्त बनवू लागतो.

जेट इंजिनही निम्म्याहून अधिक ऊर्जा वाया घालवते. पण ती शेकडो अंश तापलेल्या झोतातून आपोआप मागे निघून जाते. फ्युएल सेलमधला, दोन्ही वायू वेगळे ठेवणारा पातळ पडदा मात्र ओला राहायला हवा, म्हणून त्याला ८० अंशांच्या आसपासच ठेवावे लागते. त्याच्या एक्झॉस्टमधून फारशी उष्णता बाहेर पडत नाही. ती पाण्यावाटे रेडिएटरपर्यंत न्यावी लागते, आणि रेडिएटरमधून उष्णता वाहते ती तापमानातल्या फरकाच्या जोरावर. सात किलोमीटर उंचीवर बाहेर उणे ३० असते, म्हणजे फरक ११०. हवा जमिनीवरच्या निम्मीच, तरी निभावते. धावपट्टीवर ४० अंशांचा दिवस असेल तर फरक उरतो फक्त ४०. त्यात वेग कमी, आणि नेमकी तेव्हाच सर्वांत जास्त शक्ती हवी. उड्डाण आणि चढाईच्या त्या दहा मिनिटांसाठी बसवलेला भलामोठा रेडिएटर मग उरलेला सगळा प्रवास हवेला अडवत बसतो.

इथे बॅटरी कामाला येते. समजा, वर चढताना १,००० किलोवॉट लागतात आणि सरळ उडताना ६००. वरचे ४०० दहा मिनिटे बॅटरीने दिले, तर सुमारे ६७ किलोवॉट-तास पुरतात. किलोला २०० वॉट-तास धरले तर ही बॅटरी साडेतीनशे किलोंच्या आसपास भरते. त्या बदल्यात सेल आणि रेडिएटर दोन्ही लहान होतात. अर्थात, दहा मिनिटांत रिकामी होणारी बॅटरी स्वतःही तापते.

आणखी एक खोच आहे. वैमानिकाने थ्रॉटल झटकन पुढे सारला की विजेची मागणी क्षणात वाढते. सेलला हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरला मात्र वेग घ्यायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात सेल ऑक्सिजनला महाग होऊन आतून खराब होऊ लागतो. तो धक्का बॅटरीने झेलायचा. कोणत्या क्षणी कोणी किती भार उचलायचा, एवढ्या एका प्रश्नावर अख्खे प्रबंध लिहिले जातात.

हे सगळे नुसते कागदावर नाही. २००८ साली बोइंगने स्पेनमध्ये एक छोटे मोटर-ग्लायडर सेल आणि बॅटरी मिळून वर चढवले आणि मग सुमारे वीस मिनिटे फक्त सेलवर उडवले. जर्मनीच्या एचटूफ्लाय कंपनीने २०२३ मध्ये स्लोव्हेनियात मारिबोरहून उणे २५३ अंशांच्या द्रव हायड्रोजनवर तीन तासांहून अधिक उड्डाण केले.

मला स्वतःला सर्वांत आवडते ती मेरेडिथची युक्ती. रेडिएटर नीट घडवलेल्या बोगद्यात बसवला, तर त्यातून तापून निघालेली हवा मागे जोरात सुटते आणि विमानाला थोडी पुढे ढकलते, हे या ब्रिटिश अभियंत्याने १९३०च्या दशकात दाखवले. दुसऱ्या महायुद्धातल्या मस्टँग या लढाऊ विमानाच्या पोटाखालचा फुगवटा तोच. पण ही युक्ती रेडिएटरमधला द्रव जितका गरम तितकी चांगली चालते, आणि इथे पुन्हा ऐंशी आडवे येतात. म्हणून काही प्रयोगशाळा ओलाव्याऐवजी फॉस्फोरिक आम्ल धरून ठेवणारे, १६० अंशांना काम करणारे पडदे तपासत आहेत. ते थंड असताना मात्र लवकर जागे होत नाहीत. आधी गरम करावे लागतात, आणि ते काम पुन्हा बॅटरीच्याच गळ्यात पडते.