मनी प्लांट (पांढऱ्या पट्ट्यांचा)

अळूच्या कुळातला वेल. शास्त्रीय नाव एपिप्रेम्नम ऑरियम. मूळचा प्रशांत महासागरातील मोरेआ बेटावरचा. १८८० साली त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन झाले. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी घरांत तो सोप्याच्या कोनाड्यात नाहीतर टीव्हीशेजारी बाटलीत दिसतो. चोरून आणलेली फांदी जास्त फळते असा समज आहे. पैशाचे सांगता येत नाही, पण फांदी मात्र हमखास लागते, कारण मुळे पेरापासून फुटतात. पेर नसलेले नुसते पान पाण्यात महिनोन्‌महिने हिरवे राहील, त्याचा वेल होणार नाही.

पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य जवळजवळ नसते, म्हणून तो अन्न तयार करत नाही. हिरव्या भागाने कमावलेल्यावर जगतो. त्यामुळे हा वेल साध्या हिरव्यापेक्षा हळू वाढतो आणि त्याला उजेड जास्त लागतो. उजेड कमी पडला की नवी पाने हिरवी येऊ लागतात. अशा वेळी पट्टे चांगले असलेल्या पेरापर्यंत फांदी मागे छाटावी व कुंडी उजेडात हलवावी. पूर्ण पांढरा फुटवा दिसायला देखणा, पण फुकटखाऊ. तोही काढलेला बरा. थेट ऊन मात्र नको. एप्रिलच्या दुपारी पांढरा भागच आधी करपतो. पूर्वेची खिडकी उत्तम. जुन्या कौलारू घरात काचेच्या कौलाखालची जागा, दुपारचा कवडसा टाळून, तितकीच चांगली.

या भागात वेल मरतो तो बहुधा पावसाळ्यात, आणि तोही पाण्याने. मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीकडे जून ते सप्टेंबर हवाच ओली असते, घरात अंधार असतो, कुंडीतली माती वाळत नाही. तरी रोजचा तांब्या चुकत नाही. मुळे कुजतात, पाने पिवळी पडतात, आणि पाणी कमी पडले असे समजून आणखी एक तांब्या ओतला जातो. बोट दोन पेरे मातीत घालावे, कोरडे लागले तरच पाणी द्यावे. खाली भोक असलेली भाजक्या मातीची कुंडी घ्यावी, ती ओल शोषते; खानापूर कुंभारकामासाठी प्रसिद्धच आहे. अथणीकडच्या कोरड्या उन्हाळ्यात उलट प्लास्टिकची कुंडी सोयीची. तिकडची काळी माती एकटी वापरू नये, ती पाणी धरून बसते. तांबडी माती, कोकोपीट आणि थोडे गांडूळखत पुरते. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तिथे गारठा असतो, तेव्हा कुंडी उघड्या खिडकीपासून आत घ्यावी, पाणी निम्म्यावर आणावे आणि खत बंद ठेवावे.

पानांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण बसतो. ओल्या कापसाने पुसून सौम्य साबणाचे पाणी फवारले की भागते. निपाणी तंबाखूचा मुलूख असल्याने तंबाखूचे पाणी मारण्याचा उपाय सहज सुचवला जातो. निकोटीन विषारी आहे, घरात ते नको.

अळूसारखेच याच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. मुलाने किंवा मांजराने पान चघळले तर तोंडाची आग होते, लाळ गळते. छाटलेल्या फांद्या ओढ्याकाठी किंवा रानाच्या कडेला टाकू नयेत. झाडावर चढला की या वेलाची पाने हातभर होतात आणि कडेने फाटतात. हवाई व श्रीलंकेत त्याने असेच रान व्यापले आहे.