कॉम्प्युटर सायन्स की कॉम्प्युटेशनल सायन्स? मास्टर्सचा अभ्यासक्रम आखण्याआधी एवढं बघा

नावं सारखी वाटतात म्हणून भरपूर ठिकाणी असं होतं की कॉम्प्युटर सायन्सचा सिलॅबस उचलायचा, त्यात न्यूमेरिकल मेथड्सचा (म्हणजे आकडे घालून जवळपासचं उत्तर काढायच्या पद्धतींचा) एक पेपर घालायचा आणि झाला कॉम्प्युटेशनल सायन्सचा कोर्स तयार. मला हे मनापासून खटकतं, कारण पोरांची दोन वर्षं त्यात जातात.

कॉम्प्युटर सायन्समध्ये अभ्यास खुद्द कॉम्प्युटिंगचा, म्हणजे अल्गोरिदम, कंपायलर, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस वगैरे, आणि प्रोग्रॅम बरोबर आहे का हे ठरवताना बघायचं की ठरवून दिलेलं काम तो चोख करतो का. कॉम्प्युटेशनल सायन्समध्ये प्रश्न बाहेरून येतो, ढग कसे वाढतात, प्रोटीन कसं घडी घालतं, पूल किती भार पेलेल, आणि तिथे प्रोग्रॅम एकही एरर न देता चालला तरी उत्तर साफ चुकीचं असू शकतं.

नॉर्वेचं स्लाइपनर ए घ्या. ऑगस्ट १९९१ मध्ये या तेल-प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा अवाढव्य पाया चाचणीसाठी पाण्यात उतरवताना फ्योर्डमध्ये, म्हणजे समुद्राच्या अरुंद खाडीत, फुटून बुडाला. फायनाइट एलिमेंटचं गणित, म्हणजे बांधकामाचे छोटे छोटे तुकडे कल्पून ताण काढायचं गणित, कॉम्प्युटरवर रीतसर झालं होतं, पण मोक्याच्या जागी मेश (त्या तुकड्यांची जाळी) नीट पाडलेली नव्हती त्यामुळे शिअर स्ट्रेस (काँक्रीट कापू बघणारा ताण) ४७ टक्के कमी धरला गेला, त्यात सळ्यांची रचनाही कमी पडली. नंतर नीट गणित केलं तर पाया ६२ मीटर खोलीवर फुटेल असं आलं, प्रत्यक्षात फुटला होता ६५ मीटरवर! म्हणजे उत्तर हाताशी होतं, फक्त आधी कोणी तपासलं नाही. ही तपासायची सवय डेटाबेसच्या पेपरातून येत नाही हो.

म्हणून अशा कोर्सला तीन पाय लागतात: गणित, कॉम्प्युटिंग आणि एखादं खरं विज्ञान किंवा इंजिनिअरिंग. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याची १९९१ पासूनची पीएचडीची फेलोशिप तिन्हीकडचे कोर्स घ्यायलाच लावते, वर १२ आठवडे राष्ट्रीय प्रयोगशाळेत काम. आपल्याकडे बंगळुरूच्या आयआयएससीत (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स) कॉम्प्युटेशनल अँड डेटा सायन्सेसचा वेगळा विभागच आहे, कॉम्प्युटर सायन्सचा वेगळा, आणि मला ते योग्य वाटतं.

प्रवेश फक्त बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सवाल्यांना ठेवू नका, फिजिक्स, केमिस्ट्री, सिव्हिलची पोरंही येऊ द्या, पहिल्या सेमिस्टरला ज्याचं जे कच्चं ते भरून काढायचं, मग पॅरलल प्रोग्रॅमिंग (एकच काम अनेक प्रोसेसरवर वाटून करणं) आणि डिफरन्शियल इक्वेशन्स (बदलाचा वेग मांडणारी समीकरणं) सगळ्यांना सक्तीचे. प्रोजेक्टला दोन गाइड हवेत, त्यातला एक त्या विषयातला, आणि तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न हाच विचारा: ग्रिडचं, म्हणजे गणिताच्या जाळीचं, अंतर निम्मं केल्यावर तुझं उत्तर किती हललं?